मंगेशला कोणी बोलावलं होतं

बसा, सगळे बसून घ्या. मागच्या दाराजवळ उभे आहेत त्यांनी पुढे या, इकडे भिंतीशी सतरंजी टाकली आहे. पंख्यांचा आवाज फार येतो, पण बंद केले तर कोणालाच बसवणार नाही. मीच जरा मोठ्यानं बोलते.

तुम्ही आलात. भिवापूरहून आलात, मौद्याकडच्या गावातून आलात, कॉलेजातले आलात. ज्यांनी मंगेशला फक्त कॅन्टीनमध्ये पाहिलं होतं तेही आलात. एवढी माणसं येतील असं मंगेशला स्वतःला वाटलं नसतं. आमच्या विभागाचा काही कार्यक्रम असला की तो सकाळीच येऊन अर्ध्या खुर्च्या उचलून ठेवायचा. म्हणायचा, ‘खाली खुर्च्या पाहून बोलणाऱ्याचा जीव घाबरते, आपणच कमी करून टाकू.’ आज बाजूच्या वर्गातून खुर्च्या आणाव्या लागल्या. त्या आणायलाही तोच लागला असता.

मला बोलायचं नव्हतं. सर म्हणाले, पल्लवी, तू बोल. मी नाही म्हटलं. त्याच्याबद्दल ‘होता’ म्हणायला अजून जीभ वळत नाही. पण मंगेशच्या आईनं मला एक प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते मी अजून दिलेलं नाही. ते द्यायला मी इथे उभी आहे. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी पल्लवी, लकडगंजची. आमचं लाकडाचं दुकान आहे. मंगेश आणि मी इथे एकाच वर्गात शिकत होतो. शांतता आणि संघर्ष निराकरण, असं त्या अभ्यासक्रमाचं नाव. नाव सांगितलं की लोक हसायचे. आमच्या दुकानातले गिऱ्हाईक बाबांना विचारायचे, पोरगी काय शिकून राहिली? बाबा म्हणायचे, भांडण सोडवायचं शिकून राहिली. समोरचा म्हणायचा, त्याच्यासाठी कॉलेज कायले लागते, आमच्या मोहल्ल्यात दोन लट्ठ माणसं आहेत, तेच सोडवतात. बाबाही हसायचे. मीही हसायची. खरं सांगते, दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून मी इथे आले होते.

मंगेश तसा आला नव्हता. तो हेच शिकायला आला होता.

तुम्ही मंगेशच्या आईला पाहताय, पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मावशी म्हणते मी त्यांना. भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर कामाला जातात. तिथे बाया ओळीनं बसून लाल मिरचीची देठं तोडतात, दिवसभर. हात जळतात, डोळे जळतात, आणि रागही जळता असतो. कोणाची टोपली आधी मोजली, कोणाला सावलीची जागा मिळाली, यावरून रोज कुरबूर. मंगेश लहानपणी आईच्या मागे तिथे जायचा. तो सांगायचा, ‘मी चौथीत होतो तेव्हापासून प्रॅक्टिकल करून राहिलो, तुमची थेरी आत्ता सुरू झाली.’

असा होता तो. गोड बोलायचा, असं मी म्हणणार नाही. बोलून बोलून डोकं खायचा. वर्गात पंख्याखाली कोणी बसायचं यावरून आमचं भांडण झालं तर हा ते मिटूच द्यायचा नाही. सगळ्यांना विचारत बसायचा, तुले नेमकं काय पाहिजे, हवा पाहिजे का मान पाहिजे? आम्ही म्हणायचो, बाप्पा, घे तूच बस पंख्याखाली. तर म्हणायचा, असं नाही, हे मिटलं नाही, हे दबलं.

आमच्या शिकण्यात एक काम असतं. खरं भांडण घ्यायचं, खऱ्या माणसांचं, आणि दोघादोघांनी मिळून त्यात बसायचं. एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं. मंगेश आणि मी जोडीला होतो. तो बोलणार, मी ऐकणार, हे काही ठरवावं लागलं नाही.

आणि एक नियम असतो. तो आज नीट सांगायला हवा. भांडणातली एक बाजू आपल्याला बाजूला घेऊन जे सांगते, ते दुसऱ्या बाजूच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्याही कोणाला नाही. बापाला नाही, आईला नाही, सरांनाही त्या बाजूची परवानगी असल्याशिवाय नाही. मंगेश हा नियम इतका पाळायचा की मला राग यायचा. घरी जेवताना आई विचारायची, काय झालं आज तिकडे? हा म्हणायचा, वरण चांगलं झालं.

आमच्या वाट्याला आलं ते पांदणीचं भांडण. मौद्याकडच्या एका गावात. गावाचं नाव घेत नाही. त्या भांडणातले दोघेही इथे आहेत. शालिकरावजी डावीकडे, दाराजवळच्या रांगेत आहेत. गुलाबराव उजवीकडे, खिडकीकडे. दोघे चुलतभाऊ. एका घरात वाढले, एका ताटात जेवले, हे मला दोघांनीही सांगितलं आहे. हे मी उघड सांगू शकते, कारण हे सगळ्या गावाला माहीत आहे.

नागपुरातल्या लोकांना पांदण म्हणजे काय हे कदाचित सांगावं लागेल. वावरात जायची वाट. बैलगाडी जाईल एवढी. गावातून निघते तिथे तिचं तोंड शालिकरावजींच्या गोठ्याला लागून आहे. पुढे ती गुलाबरावांच्या वावराच्या कडेनं जाते आणि मग शालिकरावजींच्या वावराशी पोचते. आता गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. शालिकरावजींच्या ट्रॅक्टरचं चाक गुलाबरावांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढलं. धुरा खचला. गुलाबरावांनी वाटेच्या मधोमध नाली खोदली. शालिकरावजींचा ट्रॅक्टर अडला. एवढंच. बाकी जे आहे ते त्याच्यावर साचलेलं आहे. कोण कोणाच्या लग्नात आला नाही, कोणाच्या बायकोला कोण काय बोललं.

आम्ही तिथे सगळा हिवाळा जात होतो. मंगेशच्या गाडीवर, मी मागे. ग्रामपंचायतीच्या खोलीत बसायचो. आमच्या कामाची एक पद्धत आहे. आपलं गाऱ्हाणं सांगायच्या आधी समोरच्याचं गाऱ्हाणं आपल्या तोंडानं सांगायचं. समोरचा ‘हाव, बराबर’ म्हणेपर्यंत सांगत राहायचं. तो हो म्हणाला की मग आपली पाळी.

शालिकरावजी, तुम्ही रागावू नका. एक अख्खी दुपार तुम्ही गुलाबरावांचं गाऱ्हाणं सांगायचा प्रयत्न केलात, आणि प्रत्येक वाक्यात शिवी आली. मंगेश शांतपणे म्हणायचा, ‘काका, शिवी काढून पुन्हा सांगा.’ तुम्ही पुन्हा सुरू करायचात, पुन्हा शिवी. शेवटी तुम्हालाच हसू आलं. मग एकदा तुम्ही सगळं सांगितलं. धुरा खचला, पावसात वावराची माती वाहून गेली, ते विचारायला आले तर तुम्ही दार लावून घेतलं, सगळं. एकही शिवी नाही. मी गुलाबरावांकडे पाहिलं. मंगेशनं विचारलं, ‘बराबर आहे का काका?’ गुलाबराव म्हणाले, ‘शब्द बराबर आहेत. नियत बराबर नाही.’

त्या दिवशी परत येताना मी म्हटलं, हे कधीच होणार नाही. मंगेश म्हणाला, ‘शब्द बराबर आहेत म्हणले ना वं ते! तुले ऐकू नाही आलं?’

त्याला तेवढंच ऐकू यायचं. मला बाकीचं सगळं ऐकू यायचं.

एकदा त्यानं दोघांना पांदणीवरून चालायला लावलं. खोलीत बसून होत नाही म्हणाला, वाटेवर चाला. वाट अरुंद, शेजारी शेजारी चालता येत नाही, एकामागे एक जावं लागतं. कोण पुढे जाणार, यावर अर्धा तास गेला. शेवटी मंगेशच पुढे झाला, मग शालिकरावजी, मग गुलाबराव, शेवटी मी. नालीशी आलो तेव्हा शालिकरावजींचा पाय घसरला आणि गुलाबरावांनी मागून त्यांचा दंड धरला. धरला आणि लगेच सोडला. दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं. मंगेश पुढे होता, त्याला दिसलं नाही. मी नंतर सांगितलं तर गाडी थांबवून उतरला आणि रस्त्याच्या कडेला नाचला. खरंच नाचला. ट्रकवाले हॉर्न वाजवून गेले.

मी हे सांगते आहे म्हणून कोणाला आशा वाटू नये. पुढच्या बैठकीला दोघेही आले नाहीत. त्याच्या पुढच्या बैठकीलाही नाहीत.

आता तो दिवस.

मंगेश त्या गावाच्या रस्त्यावर गेला. गिट्टी पसरलेली होती, रस्त्याच्या कामाची, वळणावर. गाडी घसरली. समोरून कोणी आलं नाही, मागून कोणी धडक दिली नाही. हेल्मेट होतं. तरी गेला. कोणाची गलती शोधायला जावं तर तिथे माणूसच नाही. रस्त्यानं जाणाऱ्यांनी उचललं, दवाखान्यात नेलं, तोवर सगळं संपलं होतं. एवढंच आहे ते. याहून जास्त मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही.

पण त्या गावात एक समजूत आहे. ज्याच्या बोलावण्यावर माणूस घरून निघाला आणि वाटेत गेला, ते मरण त्या बोलावणाऱ्याच्या घराला लागतं. ते घर वर्षभर मंगलकार्य करत नाही. लोक त्या घरचं पाणी घ्यायला कचरतात. मंगेश त्या गावाकडे निघाला होता हे सगळ्यांना माहीत होतं. मग एकच प्रश्न उरला. कोणी बोलावलं होतं?

तिसऱ्या दिवशी भिवापूरला मावशींच्या दारात एक जीप आली. शालिकरावजींकडची माणसं. बसली, रडली. खरंच रडली, मी तिथे होते. आणि उठताना म्हणाली, ‘त्याईनं बलावलं होतं पोराले. आमी नाही.’ ती जीप गेली. दुपारी दुसरी आली. गुलाबरावांकडची. तीही बसली, तीही रडली. उठताना म्हणाली, ‘त्याईनंच बलावलं. साऱ्या गावाले मालूम आहे.’

दोघांचं म्हणणं तेच. मंगेश जिवंत असता तर म्हणाला असता, पाहा, आता दोघं एकमेकांचं बराबर सांगून राहिले.

तेरवीला तेच. आज इथेही तेच. तुम्ही आत येताना पाहिलं असेल, फोटोला दोन मोठे हार आहेत. एकांनी पहिला हार घातला, तो दुसऱ्यांनी बाजूला सरकवला आणि आपला मध्ये घातला. मग पहिले उठले आणि आपला पुन्हा मध्ये घेतला. सरांनी दोन्ही हार हातात धरून एकत्र घातले, म्हणून आता फोटोत मंगेशची हनुवटी दिसत नाही. मला हसावं की काय करावं कळेना.

आणि पांदणीचं काय झालं, हे कोणाला माहीत आहे का? मी परवा जाऊन आले. बसनं गेले. गुलाबरावांनी नाली आणखी खोल केली आहे. शालिकरावजींनी पांदणीच्या तोंडाशी, आपल्या गोठ्याजवळ, बाभळीच्या काट्या रचल्या आहेत. म्हणजे शालिकरावजींना आपल्या वावरात जाता येत नाही, आणि गुलाबरावांनाही आपल्या वावरात जाता येत नाही. दोघेही लांबून, तिसऱ्याच कोणाच्या वावरातून हातापाया पडून जातात. आमच्या पोरानं सगळा हिवाळा घालवला आणि ही वाट आधीपेक्षा जास्त बंद झाली. मंगेश गेला नसता तर कदाचित एकाच बाजूनं बंद राहिली असती.

आता मावशींचा प्रश्न.

तेरवीच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला मिरचीचा वास असतो, धुतले तरी जात नाही. म्हणाल्या, ‘पोरी, तू त्याच्या जोडीला होती. तुले मालूम आहे. सांग वं मले, माह्या पोराले कोणं बलावलं?’

मी म्हटलं, मावशी, कळून काय करणार?

त्या म्हणाल्या, ‘काही नाही करणार. त्याच्या दारात जाऊन एकदा उभी राहीन. बोलणार नाही, शिव्याशाप देणार नाही. पाहीन फक्त. मले एक दार तं पाहिजे ना वं उभं राहायले.’

मी नियम आहे म्हटलं. त्यांनी हात सोडला. म्हणाल्या, ‘त्याचाही नियमच होता.’ मग चुलीकडे वळल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला. तो मला पिता आला नाही, आणि न पिता निघताही आलं नाही.

मी सरांना विचारलं. सर आमचे इथे बसले आहेत. त्यांनी आम्हाला हा नियम शिकवला. मी विचारलं, सर, मधला माणूसच मेला तर नियम राहतो का? सर म्हणाले, पुस्तकात हे नाही. तू ठरव.

मी ठरवलं. सर, मी हा नियम आज मोडते आहे. मावशींच्या कानात सांगता आलं असतं. पण मग उद्या डावीकडचे म्हणतील, उजवीकडच्यांनी पोरीला शिकवलं. उजवीकडचे म्हणतील, डावीकडच्यांनी फितवलं. म्हणून दोघे समोर असताना सांगते. एवढं तरी मी या अभ्यासातून शिकले आहे.

शालिकरावजी, गुलाबराव, तुम्ही दोघेही बसा. उठून जाऊ नका. गुलाबराव, मी तुमच्याही बाजूनं नाही. बसा.

त्या दिवशी सकाळी मंगेश आणि मी कॉलेजसमोर तर्री-पोहे खात होतो. त्यानं तर्री जास्त मागितली होती, नेहमीप्रमाणे. भिवापूरचा असल्याचा त्याला भलता माज होता. फोन वाजला. आमचा दुसरा नियम असा की भांडणाच्या कामाचा फोन दोघांनी मिळून ऐकायचा. त्यानं स्पीकर चालू केला आणि फोन ताटलीशेजारी ठेवला.

फोन शालिकरावजींचा होता. शालिकरावजी, तुमचे शब्द मी सांगते. चुकले तर इथेच सांगा. तुम्ही म्हणालात, ‘मंगेश, आता येऊ नोको गा. आमी वकील पाहून राहिलो. तू चांगला पोरगा आहे, पण तुह्यानं हे होणार नाही. उगाच पेट्रोल कायले जाळतं? येऊ नोको.’

बराबर आहे?

ठीक आहे. मान हलवली नाही तरी चालेल.

पोहे संपायच्या आत दुसरा फोन आला. गुलाबरावांचा. ते म्हणाले, ‘हे कॉलेजातलं नाटक आता बंद करा. आमी तहसीलीत अर्ज टाकून राहिलो. पुन्हा गावात येऊ नोको. आला तं दारात उभा नाही करणार.’

बराबर आहे, गुलाबराव?

हे ऐकलंत ना सगळ्यांनी? मावशी, तुम्ही ऐकलंत? त्याला कोणी बोलावलं नव्हतं. यांनी नाही. त्यांनीही नाही. दोघांनीही सांगितलं होतं, येऊ नकोस. हात जोडून नाही सांगितलं, पण सांगितलं.

आता तुम्ही विचाराल, मग गेला काहून?

सर आम्हाला सांगायचे की ज्यांचं काहीच जुळत नाही, त्यांच्यात एखादी लहानात लहान गोष्ट शोधा जी दोघांनाही मान्य आहे. चहात साखर किती, एवढी असली तरी चालेल. ती त्यांना दाखवा. पाहा, इथे तुमचं एकमत आहे, असं सांगा. तिथून पुढे जा. आम्ही सगळा हिवाळा ती एक गोष्ट शोधत होतो. सापडली नव्हती.

मंगेशनं फोन खिशात ठेवला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटलं आता हा रडेल. तर हा हसून राहिला! म्हणाला, ‘पाहून राहिली ना वं पल्लवी? पयल्यांदा! पयल्यांदा दोघंही एका गोष्टीवर राजी झाले!’

मी म्हटलं, कोणत्या गोष्टीवर रे?

म्हणाला, ‘मी येऊ नये यावर.’

मी म्हटलं, वेडा झाला का? ते तुला हाकलून राहिले.

म्हणाला, ‘हाकलू दे ना. पण दोघं मिळून हाकलून राहिले. आता तं जाच लागते. दोघाईले सांगतो, तुमचं एक जमलं म्हणून. एवढं सांगतो अन् येतो. बैठक थोडीच आहे, तू तुही परीक्षा दे.’ माझी तोंडी परीक्षा होती त्या दिवशी. त्यानं ताटली धुवायच्या बादलीत टाकली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गाडी काढली.

अशी चूक दुसऱ्या कोणी केली असती का? साध्या माणसाला दोन ठिकाणांहून ‘येऊ नको’ असा निरोप आला तर तो घरी बसतो. हे शिकलेलाच माणूस त्याला सुरुवात समजतो. आम्ही त्याला ते शिकवलं. म्हणजे या खोलीत, या फळ्यासमोर, हे शिकवलं जातं. मी सरांना दोष देत नाही. पण हे खरं आहे असं मानणारा आमच्यात तो एकटाच होता. आम्ही बाकीचे पास व्हायला शिकत होतो.

पुढच्या वर्षी हा अभ्यासक्रम राहील असं मला वाटत नाही. चौकशीला कोणी येत नाही. आणि राहिला तरी मी कोणाला ये म्हणणार नाही. मला कालच एकानं फोनवर विचारलं, ताई, याचा उपयोग होतो का? मी म्हटलं, नाही. खोटं बोलले नाही.

मावशी, मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही एक दार मागितलं होतं. मी तुम्हाला ते देऊ शकत नाही. असं दारच नाही. शालिकरावजींच्या दारात उभ्या राहिलात तर त्यांनी त्याला नको म्हटलं होतं. गुलाबरावांच्या दारात उभ्या राहिलात तरी तेच. कोणाच्याच दारात नेऊन सोडता येईल असं हे मरण नाही. मला वाटलं होतं खरं सांगितलं की तुम्हाला थोडं हलकं वाटेल. तुमच्या तोंडाकडे पाहून कळतंय की तसं झालेलं नाही. माफ करा. पण दुसऱ्यांनी सांगितलेलं खोटं घेऊन तुम्ही एखाद्या दाराशी जाऊन उभं राहावं, हे मला सहन झालं नसतं.

आणि तुम्ही दोघे. मी तुम्हाला आता हात मिळवा म्हणणार नाही. मंगेशनं म्हटलं असतं. मी म्हणणार नाही, कारण मला माहीत आहे तुम्ही मिळवणार नाही. बाहेर गेल्यावर काय होईल तेही मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, त्या पोरीनं चारचौघांत आमची इज्जत काढली. पलीकडचे म्हणतील, आमची काढली. परत जाताना दोन जीपा वेगवेगळ्या रस्त्यांनी जातील. काट्या तिथेच राहतील, नालीही. एक करा फक्त. त्यानं बोलावलं, यानं बोलावलं, हे आता बंद करा. भिवापूरला त्या घरी जाऊन ते पुन्हा सांगू नका. त्या बाईला तुमच्यापैकी कोणाच्याही रडण्याची गरज नाही.

तुम्ही त्याला बोलावलं नाही, यात तुमचा गुन्हा नाही. तुमचं भांडण आहे, तुम्ही ते ठेवू शकता. लोक ठेवतात. पण आयुष्यभरात तुमचं दोघांचं एका गोष्टीवर पटलं, एकाच सकाळी, एकमेकांना न विचारता. ते या पोराला दिसलं आणि तुम्हाला सांगायला तो निघाला. तो पोचला नाही, म्हणून मी सांगितलं. आता तुम्हाला माहीत आहे. त्याचं काम एवढंच राहिलं होतं, आणि ते झालं तरी काहीही बदललेलं नाही.

आता उठू या. मावशी, तुम्ही बसूनच राहा. बाकी सगळे उभे राहा. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. फोन बंद करा. डावीकडचेही, उजवीकडचेही. कोण आधी बसतं हे पाहत राहू नका, मी सांगेन तेव्हा सगळ्यांनी बसायचं.

मंगेश, सगळे उभे आहेत बघ. तुला नको म्हणणारेही उभे आहेत.

काहून गेला गा?